इंग्लंडात दोघांची नोकरी, मुलांची शाळा आणि घरात तिसरं माणूस नाही

वरणफळं (रेडिंग) | रविवार, रात्री ९:५०

हा हिशोब मी दर सप्टेंबरला नवऱ्यासमोर मांडते आणि दर सप्टेंबरला तो जमत नाही. वर्षात शनिवार-रविवार सोडून २६१ दिवस. इंग्लंडातली सरकारी शाळा त्यातले १९० दिवस मुलांना घेते. आठ बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, वजा करा. उरले ६३ दिवस, ज्यात ऑफिस चालू आणि मूल घरी. कायद्याने रजा किमान २८ दिवस, पण त्यातच बँक हॉलिडे धरायची कंपनीला मुभा. म्हणजे हातात २०. आईबाबांनी वर्षभर एकही रजा एकत्र घेतली नाही, तरी दोघांच्या मिळून ४०. उरलेल्या २३ दिवसांचं काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

यात आजारपण धरलेलंच नाही. उलटी किंवा जुलाब झाले की शेवटच्या उलटीपासून ४८ तास मुलाला शाळेत पाठवायचं नाही. नियम बरोबरच आहे, दुसऱ्यांच्या पोरांना लागण नको. पण लेक मंगळवारी सकाळी वर्गात ओकते, दुपारी ठणठणीत होऊन सोफ्यावरून उड्या मारायला लागते, आणि तरी गुरुवार उजाडेपर्यंत घरीच. मी कॅमेरा बंद करून मीटिंगमध्ये, आणि मागून "आई, शीऽऽ झाली".

पुण्याच्या बहिणीला सांगितलं तर म्हणते, "अगं, समोरच्या काकूंकडे ठेव ना." आमच्या समोरच्या बाईंशी माझं पावसाबद्दल आणि कुठल्या आठवड्यात कुठला कचऱ्याचा डबा बाहेर काढायचा याबद्दल बोलणं होतं. त्यापुढे गाडी गेलेली नाही.

ही सगळी व्यवस्था घरात एक तिसरं मोठं माणूस आहे असं गृहीत धरून चालते. सव्वातीनला शाळा सुटते, ती कोणासाठी? ते माणूस आता गोऱ्यांच्या घरातही नाही. तर तुम्ही ते कुठून आणता? पैसे देऊन, उसनं, की सहा महिन्यांच्या व्हिसावर? खरंखुरं लिहा. टाइम मॅनेजमेंटचे सल्ले नकोत, ते एचआर देते.

गुळपोळी (स्लाउ) | रविवार, रात्री १०:२०

पैसे देऊन. आमचं तिसरं माणूस म्हणजे चाइल्डमाइंडर, स्वतःच्या घरी मुलं सांभाळणारी बाई. जालंधरकडच्या बाई आहेत, ऑफस्टेडकडे (शाळा-पाळणाघरं तपासणारं सरकारी खातं) नोंदणी केलेल्या. घरात एका वेळी आठ वर्षांखालची सहाच मुलं घेता येतात, त्यातली पाच वर्षांखालची जास्तीत जास्त तीन. म्हणून चांगली बाई मिळाली की लोक सोडत नाहीत. मी तर दुसऱ्या बाळाची बातमी सासूबाईंच्या आधी त्यांना दिली होती, जागा धरायला.

आफ्टर-स्कूल क्लबपेक्षा हे बरं, कारण तिथे वेटिंग लिस्ट असते आणि सहाला पाच मिनिटं उशीर झाला तर दंड. इथे उशीर झाला तर पोराला आलू पराठा मिळतो. त्याला "पाणी दे" आधी पंजाबीत यायला लागलं, आजीने त्यावरून मला पुरेसं ऐकवलंय.

भोक एकच. त्या आजारी पडल्या किंवा भाच्याच्या लग्नाला गावी गेल्या की आम्ही पुन्हा रस्त्यावर. मागच्या वर्षी मोठ्याला कांजिण्या आल्या. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत बाहेर काढायचं नाही, तो संपून आठवडा होतो न होतो तोच धाकटीला. जानेवारी २०२६पासून इथे बाळांना कांजिण्यांची लस एमएमआरमध्येच (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीत) द्यायला लागलेत. आमचं उरकल्यावर, अर्थात.

भोचक | रविवार, रात्री १०:३५

दोघांनी नोकरी केलीच पाहिजे का पण? (काडी टाकून पळतोय. ह. घ्या, म्हणजे हलके घ्या.)

वरणफळं (रेडिंग) | रविवार, रात्री १०:४१

@भोचक, पळू नका, थांबा. आमच्या गृहकर्जाचा हप्ता तुम्ही भरायला लागा, मी उद्याच राजीनामा देते. आणि हा प्रश्न माझ्या नवऱ्याला कोणी कधी विचारलेला नाही, हेही ह. घ्या.

निमूट (मिल्टन कीन्स) | रविवार, रात्री ११:५५

एरवी वाचूनच पुढे जातो, आज लिहितो. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्याकडे तिसरं सोडा, एका वेळी दुसरंही माणूस घरात नसतं. बायको नर्स, रात्रपाळ्या जास्त. मी दिवसा वेअरहाऊसला. सकाळी ती दारातून आत येते, मी बाहेर पडतो, मधे पायरीवर दोन मिनिटं. त्यात "ताप होता, कालपोल दिलं, जांभळ्या डब्यात भात आहे" एवढं बोलून होतं. ती मुलाला शाळेत सोडते, दोनला उठायचा गजर लावून झोपते, सव्वातीनला परत शाळेच्या फाटकाशी.

स्वस्त पाळणाघरासाठी सरकारी मदत मिळते असं मित्र सांगतात. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर म्हणून खातं असतं, आपण ८० पेन्स भरले की सरकार २० घालतं, मुलामागे वर्षाला २००० पौंडांपर्यंत. पण आम्हा दोघांच्या व्हिसावर "नो रीकोर्स टू पब्लिक फंड्स" लिहिलेलं आहे, म्हणजे सरकारी पैशाला हात लावायचा नाही. त्यामुळे ते खातं नाही, चाइल्ड बेनिफिट नाही, आणि धाकटीला नोकरदार आईबापांच्या मुलांना मिळतात ते आठवड्याचे ३० तासही नाहीत. ती तीन वर्षांची झाली की सगळ्यांना मिळतात ते १५ तास तेवढे मिळतील. कर मात्र पूर्ण कापतात. बायकोच्या नर्सच्या व्हिसामुळे दवाखान्याचा सरचार्ज तेवढा आम्हाला माफ. बाकीच्यांना तो मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पौंड आणि मुलाला ७७६. तोसुद्धा व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम, आगाऊ.

तक्रार नाही, माहीत असूनच आलो. पण धाग्यात सगळे पर्याय सगळ्यांना खुले आहेत असं वाटायला नको, म्हणून लिहिलं.

गुळपोळी (स्लाउ) | सोमवार, सकाळी ७:१०

निमूट, बरं झालं लिहिलंत. आम्हाला आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) मिळाल्यावर मी ते खातं उघडलं, त्यामुळे आधीची वर्षं विसरायला झाली होती. वहिनींना म्हणावं, झोपेवर उपकार करा.

शेफील्डवाला | सोमवार, दुपारी १२:४५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. इथे बाप्यांचं कोणी दिसत नाही, म्हणून.

शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर माझा आहे. शाळा फोन बायकोलाच करते. तिने दोनदा सांगून झालं, मी ईमेल केली, तरी पोराचा गुडघा फुटला की फोन तिला. ती ऑपरेशन थिएटरमध्ये असते, फोन लॉकरमध्ये. मी घरून काम करतो, शाळेपासून आठ मिनिटांवर.

आता कामाचं. आमच्या ऑफिसात माझ्यासकट एकाही बापाला हे माहीत नव्हतं, म्हणून तपशिलात लिहितो. मूल अचानक आजारी पडलं, चाइल्डमाइंडरने ऐनवेळी नाही म्हटलं, तर तेवढ्यापुरती रजा हा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क आहे. पगार द्यायचा की नाही ते कंपनी ठरवते, पण "नाही" म्हणता येत नाही. मात्र ती अडचण निस्तरण्यापुरती, दिवस-दोन दिवस. उन्हाळ्याच्या सुट्टीला ती चालत नाही. त्यासाठी बिनपगारी पेरेंटल लीव्ह आहे, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत मुलामागे एकूण १८ आठवडे, वर्षाला जास्तीत जास्त चार. ती आई आणि बाप दोघांना वेगवेगळी. आणि एप्रिल २०२४पासून कामाच्या वेळा बदलून मागायचा अर्ज पहिल्या दिवसापासून करता येतो, कंपनीने दोन महिन्यांत निकाल द्यायचा.

मी तसा अर्ज करून पाच दिवसांचं काम चारात बसवलंय. शुक्रवार माझा. साहेब आधी म्हणाला, "तुझी मिसेस नाही का बघत?" तोही गोराच. तेव्हा आपल्याकडेच असं असतं या भ्रमात कोणी राहू नये.

मी_नाशिककर (हॅरो) | सोमवार, रात्री ९:१५

आम्ही तिसऱ्या प्रकारातले. सहा महिन्यांच्या व्हिसावर आई-बाबा.

पहिला महिना नुसता दिवाळसण. घरात लसणीच्या चटणीचा वास, पोरांना रात्री गोष्टी, आम्ही दोघं कित्येक महिन्यांनी एकत्र बाहेर जेवायला. मग बाबांची आणि थर्मोस्टॅटची लढाई सुरू होते. ते खोलीतून बाहेर पडले की रेडिएटर बंद करतात, आई मागून जाऊन चालू करते. फोडणी टाकली की स्मोक अलार्म बोंबलतो, मग बाबा टॉवेल घेऊन त्याला वारा घालतात. ऑगस्टमध्ये रात्री आठलाही उजेड असतो म्हणून खूश होते. नोव्हेंबर आला, चारला दिवस मावळायला लागला आणि बाबा खिडकीशी बसून राहायला लागले. नाशिकला संध्याकाळी गोदाकाठी दहा माणसं भेटतात त्यांना. इथे बसने वेंबलीला, ईलिंग रोडवर जाऊन कोथिंबिरीची जुडी आणायची, हाच दिवसाचा कार्यक्रम.

वर तब्येतीची धास्ती. इथल्या जीपीला (फॅमिली डॉक्टरला) दाखवायला पाहुण्यांना पैसे पडत नाहीत, इमर्जन्सीत नेलं तर तिथलेही उपचार फुकट, पण वॉर्डात दाखल केलं की एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) खर्चाच्या दीडपट बिल. विमा काढतोच, पण वयाच्या सत्तरीत बीपी-शुगर दाखवून मिळणारा विमा काय भावाचा असतो ते ज्याने काढलाय त्यालाच ठाऊक. कायमचं आणावं म्हणाल तर २०१२मध्ये तो नियम इतका आवळलाय की आईबाप अंथरुणाला खिळले आणि तिकडे सांभाळायला कोणीच नाही असं सिद्ध केल्याशिवाय दार उघडत नाही.

आणि एक बोलून टाकतो. नातवंडांना भेटायला या, असं आपण म्हणतो. तिकीट मात्र शाळा सुटते त्या जुलैच्या आठवड्यातलं काढतो. त्यांना कळत नाही असं नाही.

भोचक | सोमवार, रात्री ९:४०

शेवटच्या दोन ओळींना दंडवत. काडी मागे घेतोय.

एडिनबरा_वारा | सोमवार, रात्री १०:०५

सगळं इंग्लंडचं चाललंय, म्हणून स्कॉटलंडची हजेरी. आमच्या शाळा जूनअखेर सुटतात आणि ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात. औषधं मोठ्यांनाही फुकट, इंग्लंडात प्रिस्क्रिप्शनला ९.९० पौंड मोजता तुम्ही. शाळा बुडवली म्हणून घरी दंडाची नोटीसही येत नाही. तोटा इतकाच, की बर्मिंगहॅमचे मावसभाऊ मोकळे होतात तेव्हा आमच्या पोरांची सुट्टी निम्मी सरलेली असते. आणि डिसेंबरात तुम्हाला चारला अंधार होतो म्हणता, आमच्याकडे पोरं शाळेतून निघतात तीच संधिप्रकाशात.

वरणफळं (रेडिंग) | सोमवार, रात्री १०:३०

दंडाचं बरं काढलंत. मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न आहे साताऱ्याला, ऐन शाळेच्या दिवसांत. मुख्याध्यापिका म्हणतात, "अपवादात्मक कारण" नाही. पाच दिवस बुडाले की प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड, तेही २१ दिवसांत भरले तर. नाहीतर १६०. आमची दोन मुलं, दोन पालक, म्हणजे ३२०. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर थेट १६०चा भाव, तिसऱ्यांदा प्रकरण कोर्टात जाऊ शकतं.

आता ऑगस्टमधली मुंबईची चार तिकिटं आणि मेच्या मधल्या आठवड्यातली चार तिकिटं शेजारी ठेवून बघा. ३२० पौंड त्या फरकात कुठे विरघळतात कळतही नाही. म्हणजे ज्याला परवडतं त्याला हा दंड नसून तिकिटावरचा अधिभार आहे, आणि ज्याला परवडत नाही त्याने लग्नाचे फोटो बघायचे.

(दिवाळीच्या दिवसाची काळजी करू नका कोणी. धार्मिक सणाचा दिवस म्हणून रजा मंजूर होते, हजेरीपटावर "आर" मांडतात. लग्नाला आर नाही.)

आजीबाई_बोल्टन | मंगळवार, सकाळी ११:००

मुलींनो आणि मुलांनो, सावकाश टाइप करते आहे.

आम्ही १९७४च्या जानेवारीत आलो. वीज वाचवायला कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालत होते आणि टीव्ही रात्री साडेदहाला बंद. यजमान हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर, शुक्रवारी सकाळी गेले की सोमवारी संध्याकाळी दिसायचे. घरी पत्र टाकायचं ते निळं, आणि उत्तर येईपर्यंत पोराचा गोवर बराही होऊन जायचा. तूरडाळ, हिंग मिळायचं ते गुजराथी दुकानांत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२पासूनचं, पण दोन लहान मुलं घेऊन बोल्टनहून लंडनला कोण जाणार? वर्षातून एकदा गणपतीला गेलो तरी खूप.

"पूर्वी घरात माणसं असत" असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. वरणफळं, तू ज्या तिसऱ्या माणसाबद्दल विचारतेस ना, ते मी होते. माझी फर्ग्युसनची बी.एस्सी., केमिस्ट्री. नोकरी केली ती शाळेत दुपारचं जेवण वाढायची, डिनर लेडीची. पंचवीस वर्षं. कारण शाळा बंद तेव्हा मीही घरी. हौस नव्हती ती. तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी बायका होत्या, म्हणून ती सुट्ट्यांची पद्धत चालून गेली आणि सरकारने बदलली नाही.

शेजारणीचं मात्र सांगते. आमच्या रांगेतल्या घरात शेजारी एक म्हातारी बाई होती, नवरा खाणीत जाऊन छातीने गेलेला. सुरुवातीला माझ्या फोडणीच्या वासाने खिडकी लावून घ्यायची. एकदा बर्फात ती दुकानात जाऊ शकली नाही, तेव्हा मी तिचं दूध-पाव आणून दिलं. न विचारता. मग दर आठवड्याला आणायला लागले. वर्षभरात माझी मुलं तिच्या शेकोटीपाशी बसून टोस्ट खात होती. अगं, "माझी मुलं सांभाळ" असं जाऊन विचारता येत नाही इथे. आधी आपण काहीतरी करून ठेवायचं, मग ते आपोआप येतं. तुझ्या समोरच्या बाईचे कचऱ्याचे डबे एकदा तूच आत ओढून ठेव.

आता मी एक्क्याऐंशीची आहे. मुलाच्या मुलींना मंगळवार-गुरुवार शाळेतून आणते. सुनेने आधी विचारलं होतं, मग गृहीत धरायला लागली, मग मी एका सुट्टीला सरळ पुण्याला निघून गेले. त्यानंतर पुन्हा विचारते.

मी_नाशिककर (हॅरो) | मंगळवार, सकाळी ११:२०

काकू, साष्टांग नमस्कार. शेवटचं आईला वाचून दाखवू की नको, या पेचात आहे.

आजीबाई_बोल्टन | मंगळवार, दुपारी १२:१०

दाखव. आणि या वेळी तिकीट एप्रिलचं काढ. डॅफोडिल्स असतात, उजेड असतो, आणि मुलं शाळेत गेली की तुझ्या बाबांना बागेत बसायला बाक मिळतो.

गुळपोळी (स्लाउ) | मंगळवार, दुपारी १:३०

अवांतर आहे, पण काकू डिनर लेडी होत्या म्हणून विचारते. डब्यात दाणे चालत नाहीत म्हणून साबुदाणा खिचडी बाद झाली आमच्याकडे. कुटाऐवजी काय घालता कोणी?

शेफील्डवाला | मंगळवार, दुपारी १:४२

सूर्यफुलाच्या बिया भाजून. तिळाच्या वाटेला जाऊ नका, आमच्या शाळेत तीळही बंद आहेत. चव म्हणाल तर, पोरांना फरक कळत नाही, मला कळतो.

वरणफळं (रेडिंग) | मंगळवार, दुपारी २:१५

काकू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. केमिस्ट्रीवर जरा थांबले. डबे आज संध्याकाळी ओढते.

बाकी आमच्या घरात सध्या वेगळीच आणीबाणी. परवा गुरुवारी वर्ल्ड बुक डे. लेकीने आज सकाळी बूट घालता घालता जाहीर केलं की तिला पुस्तकातलं कोणीतरी बनून जायचंय. सुपरमार्केटमध्ये तिच्या मापाचं काहीही शिल्लक नाही. ऑनलाइन मागवलं तर शुक्रवारी पोचेल.

भोचक | मंगळवार, दुपारी २:२०

नऊवारी नेसवा आणि जिजाऊ म्हणून पाठवा.

वरणफळं (रेडिंग) | मंगळवार, दुपारी २:२३

पीई (खेळाचा तास) आहे त्या दिवशी. बाईंनी कासोटा सोडवायचा का?

गुळपोळी (स्लाउ) | मंगळवार, दुपारी २:४०

माझ्याकडे हॅलोवीननंतर निम्म्या किमतीत घेतलेला भोपळ्याचा पोशाख आहे, ५-६ वयाचा. गेल्या वर्षी मोठा तो घालून "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक" म्हणून गेला होता. बाईंनी गोष्ट विचारली, याने अख्ख्या वर्गाला सांगितली, मग महिनाभर सगळी पोरं मैदानात टुणूक टुणूक करत होती. आता त्याला होत नाही. तुमच्या लेकीला चालेल?

वरणफळं (रेडिंग) | मंगळवार, दुपारी २:४४

चालेल काय, धावेल! पण पोस्टाने गुरुवारपर्यंत पोचेल का?

गुळपोळी (स्लाउ) | मंगळवार, दुपारी २:५१

पोस्ट कशाला, ट्रेनने पाव तास. उद्या साडेसहानंतर या, जेवूनच जा, मुलांनाही आणा. आणि येताना तुमच्या शाळेचं इन्सेट डेंचं (शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मुलांना सुट्टी असते त्या दिवसांचं) पत्रक घेऊन या. तुमची काउन्सिल वेगळी, आमची वेगळी, तारखा जुळत नसणार. तुमच्या दिवशी तुमच्या दोघी आमच्याकडे, आमच्या दिवशी माझे दोघं तुमच्याकडे. पैसे न घेता मैत्रिणीने मैत्रिणीची मुलं बघितली तर ऑफस्टेडची नोंदणी लागत नाही, आमच्या चाइल्डमाइंडर बाईंनीच सांगितलंय. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.